गाळलेले दोन शब्द

कपाशीची वेचणी सुरू झाली की आमच्या मोताळा रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाने भरलेली वाहनं झाडांना घासत जातात आणि काट्यांत कापसाचे पुंजके अडकून राहतात. पूर्वी बैलांच्या बंड्या जायच्या, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जातात. बाभळींना त्याचं काही नाही. यंदा त्या बाभळींखाली एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली. बसपेक्षा लहान, जीपपेक्षा मोठी. खिडक्यांना पडदे होते. मागच्या दाराशी घडीच्या दोन खुर्च्या मांडून एक तरुण जोडपं चहा पीत बसलं होतं.

शेजारचा दिनकर सकाळी सकाळी माझ्या ओट्यावर आला. दिनकर स्वतः साठीचा आहे, पण मी नव्वदीला टेकलो असल्यामुळे मला आबाजी म्हणतो.

"आबाजी, कालपासून उभी हाय ती गाडी. बाई बी हाय आत. ना पाव्हणे ना सोयरे, इथं काऊन थांबले असतील?"

"चहा पिऊन राह्यले ना."

"हाव, पण कायले? घरी चहा भेटत न्हाई काय?" मग त्याने आवाज खाली आणला. "नंबराचा फोटू काढून ठेवला म्या. उद्या काही झालं तं."

उद्या काही झालं तर. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेविशीत होतो. तेव्हाही वेचणी चालू होती, तेव्हाही बाभळी अशाच पांढऱ्या होत्या, आणि लोक ज्या मोटारीकडे बघून ते म्हणत होते, ती मी चालवत होतो.

तो लढाईचा काळ. वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेलं, राज्य इंग्रजांचं. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि चिठ्ठी साहेबाच्या मर्जीवर. अशा दिवसांत बुलडाण्याच्या नानांनी एक जुनी लॉरी घेतली आणि तिच्यावर घर बांधलं. नाना जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं तंबू घेऊन जिल्हाभर फिरले आणि त्यांची बायको, माई, तीस वर्षं बुलडाण्याच्या घरात बसून राहिल्या. माईंचं सोवळं कडक. परक्याच्या घरचं पाणी चालायचं नाही, शिजवलेलं तर लांबच. त्यामुळे कोणाकडे मुक्काम नाही, धर्मशाळा नाही, प्रवास नाही. निवृत्तीनंतर नानांनी विचारलं, तुला काय पाहिजे? माई म्हणाल्या, तुम्ही जे जे बघितलंत ते मला दाखवा, आणि एकदा गोदावरीवर अंघोळ होऊ द्या. म्हणून हे मोटारघर. माईंचं स्वयंपाकघर चाकांवर चढवलं की सोवळंही टिकतं आणि मुलूखही दिसतो. जगाने संशय घेतला त्या मोटारीचं मूळ एवढंच होतं. हे मला नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी धामणगाव बढ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. सरकी वाहणाऱ्या लॉरीवर गाडी शिकलो होतो. मराठी सातवी झालेली, आणि चुलता पटवाऱ्याच्या हाताखाली होता त्यामुळे मोडी वाचता यायची. नानांना असाच माणूस हवा होता. "सुखदेव, वाचता येणारा ड्रायव्हर म्हणजे रस्त्यात सोबत," असं ते म्हणाले. ते वाचता येणं पुढे कोणत्या कामाला आलं ते मी सांगणारच आहे.

मोटार पेट्रोलवर चालत नसे. मागे लोखंडी टाकी बसवलेली. तिच्यात बाभळीचा कोळसा भरायचा, पेटवायचा, हाताने पंखा फिरवून पाव तास फुलवायचा, मग त्याचा गॅस इंजिनात जायचा. सकाळच्या थंडीत तो पंखा फिरवताना तोंडात कोळशाची चव यायची. दिवसभर कपड्यांना लोहाराच्या भट्टीचा वास. सपाटीवर मोटार बरी पळायची, पण राजूरच्या घाटात बैल आम्हांला मागे टाकून जात. एक गाडीवान मान वळवून म्हणाला होता, "पाव्हणे, कासरा देऊ काय? बांधून घ्या मांगं." नाना हसले. पडद्याआड माईही हसल्या.

तो पडदा मी विसरलेलो नाही. जुन्या लाल लुगड्याचा होता, माझ्या बसण्याच्या जागेच्या मागे. पडद्याच्या अलीकडे मी आणि नाना, पलीकडे माई, त्यांची चूल, देव आणि पाणी. दीड महिना मी ते घर हाकलं आणि आत एकदाही पाहिलं नाही. माझी भाकरी मी बाहेर तीन दगडांवर भाजायचो. भाजी, चटणी माई द्यायच्या. पडद्याच्या कडेतून हात बाहेर यायचा आणि माझ्या ताटलीत वरून पडायचं.

त्या मोसमात आम्ही मेहकर, लोणार, सिंदखेड करून आलो. कितीतरी चांगलं पाहिलं असणार. तुरी फुललेल्या होत्या, पहाटे शेतांवर धुकं असायचं, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्या कापसाने फुगलेल्या असायच्या. पण मला आज आठवतात ते लोकांचे डोळे. मोटार थांबली की पहिल्यांदा कुत्री यायची, मग मुलं, मग म्हातारी माणसं. ती जवळ येत नसत, दहा पावलांवर थांबत. प्रश्न एकच: "गाव कोनतं?" वाटेवर भेटलेल्या माणसाला आमच्याकडे हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. गाव कळलं की जात कळते, सोयरे कळतात, माणूस कुठे ठेवायचा ते कळतं. आणि नाना कौतुकाने मोटारीवर हात ठेवून सांगत, "सध्या हेच आमचं गाव." त्यांना तो विनोद वाटे. ऐकणाऱ्यांचे चेहरे बंद होताना मला दिसत.

एका नाक्यावर तर कारकुनाने आम्हांला तासभर अडवलं. घर आहे म्हणावं तर जमीन कुठे, वाहन आहे म्हणावं तर चूल कशाला, माल आहे म्हणावं तर विकायचा कोणाला? "मी कोनत्या खान्यात लिहू, तुम्हीच सांगा ना जी," तो काकुळतीला येऊन नानांना म्हणाला. शेवटी त्याने काहीच लिहिलं नाही आणि आम्हांला सोडलं. पण जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, पेट्रोल कोन देते याह्यले?" मी टाकी दाखवली. तो म्हणाला, "ते तं दाखवाचं असन."

हे विचारण्यामागे कारण होतं. बेचाळीसच्या चळवळीतली मुलं गावोगाव लपलेली होती आणि त्यांच्या मागे पोलीस होते. कोण कोणाचा हेर, कोणाला ठाऊक? ज्याला फिरायला मोटार मिळते त्याच्यावर सरकार खूश असणार, हा हिशेब सरळ होता. त्यात नानांची वही. मोजणीच्या खात्यातली सवय. मोटार थांबली की ते वही काढत आणि मोडीत लिहून ठेवत. विहीर गोड की मचूळ, नाल्याला उतार किती, कोळसा कुठे मिळेल. आणि संध्याकाळी पडद्याआडून तो आवाज यायचा. कट्, कट्, कट-कट. थोडं थांबून पुन्हा कट्. तारेचं यंत्र चालावं तसा. गावकरी मान तिरकी करून ऐकायचे. आमच्या घरीही अडकित्ता होता. सुपारी कातरल्याचा आवाज मला कळत नव्हता असं नाही. पण पडद्याआडून आलेला ओळखीचा आवाजही परका होतो. मीही मान तिरकी करून ऐकू लागलो होतो.

खामगावकडून परतताना एका दुपारी टाकीचं झाकण उघडताना माझ्या उजव्या हाताला वाफ लागली. आग आग झाली. मी काही विचार न करता पडद्यातून हात आत घातला आणि पाण्याची घागर चाचपली.

"अरे, शिवलास रे," माई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. दचकून बोलल्या.

मी हात काढून घेतला. मग मागच्या दारातून ती भरलेली घागर ओतल्याचा आवाज आला. पाणी अर्ध्या कोसावर होतं, नानांनी भरलेलं, मीच मोटारीने वाहून आणलेलं. थोड्या वेळाने पडद्याच्या कडेतून माईंचा हात आला. "हात पुढे कर. तूप लावून ठेव, फोड येणार नाही." तूप वरून माझ्या भाजलेल्या हातावर पडलं. चांगलं घरचं तूप होतं. आग कमी झाली. फोड आला नाही. पण मी ते तूप मोजलं नाही, वरून पडणं तेवढं मोजलं, आणि ते पाणी.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही पिंपळगाव राजाच्या पुढे एका लहान गावाबाहेर थांबलो. त्या गावाचं नाव लिहीत नाही. गावाचा दोष नव्हता. नाना माईंना नाल्यापलीकडचं महादेवाचं देऊळ दाखवायला घेऊन गेले. मी एकटा मोटारीपाशी. गावातला किसनबुवा नावाचा वडीलधारा माणूस चारपाच जणांना घेऊन आला आणि चाकाजवळ उकिडवा बसला.

"काय बे ड्रायव्हर, जेवला का?"

"हाव."

"त्याहीनं देल्लं का तुह्यं तुनं रांधलं?"

"भाकर माही. भाजी देतात माई."

"संगं बसून खातं?"

"न्हाई. वरून देतात."

लोक हसले. किसनबुवाने तंबाखू मळत पडद्याकडे बोट केलं. "अन् आत काय हाय?"

"म्या न्हाई पाह्यलं."

"किती दिस झाले हाकून राह्यला?"

"दीड महिना."

"दीड महिना झाला अन् पाह्यलं न्हाई? बैल तरी बरा बे, बंडीत काय भरलं ते त्याले वजनावरून तं समजते."

आता सगळे मोठ्याने हसले. त्या हसण्यानंतर मी जे केलं ते त्या हसण्यामुळे केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मी तीन दिवस वाट बघत होतो.

"वही कायची ते?" सीटवरच्या वहीकडे बघत किसनबुवाने विचारलं.

"मोडीत हाय."

"तुले येते?"

"येते."

"मंग वाच ना."

मी वाचली. अंतरं वाचली, उतार वाचले. त्यांच्याच गावाची विहीर आली, पाटलाच्या मळ्याशेजारी, पाणी गोड. ते एकमेकांकडे बघू लागले. "आमची हीर यानं कायले लिहून ठेवली?" एकाने विचारलं. मला बरं वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच माझ्या बोलण्याकडे कोणाचं लक्ष होतं. मग शेवटची ओळ आली. मी सावकाश वाचली.

"अष्टमी. धाड."

आणि वही मिटली.

धाड हे बुलडाण्यापुढचं मोठं गाव आहे. आठवड्याचा बाजार भरतो. घाटावर लहान मुलालाही ते ठाऊक. घाटाखालच्या त्या लोकांनीही नाव ऐकलेलं असणार. पण त्या दिवसांत धाड म्हटलं की पोलिसांची गाडी आणि लाठ्याच डोळ्यांपुढे येत. किसनबुवाच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. अष्टमी परवावर होती.

"अजून काय लिहेल हाय?" त्याने हळूच विचारलं.

"इतकंच."

इतकंच नव्हतं. त्या ओळीत पुढे आणखी दोन शब्द होते. "दोन पोती." अष्टमीला धाडच्या कोळसेवाल्याकडून दोन पोती कोळसा घ्यायचा, मग निजामाच्या हद्दीत शिरून गोदावरीकडे जायचं, असं नानांनी ठरवलं होतं. निरोप घेऊन मीच धाडला जाऊन आलो होतो. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळीत मिसळलेले असतात, चुकायला जागा असते. कोणी पकडलं असतं तर मी हेच म्हणणार होतो. पण मी चुकलो नव्हतो. मला ते दोन शब्द स्वच्छ दिसत होते.

त्या गावात चळवळीतली दोन मुलं लपलेली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ही माझी बाजू. मी एवढी एकच मांडतो. किसनबुवा उठला तो सरळ मळ्याकडे गेला. त्याच दुपारी दोघांना भर उन्हात नांदुऱ्याकडे काढून दिलं. वाटेत पोलिसांना दोन अनोळखी तरुण दिसले, त्यांनीही तोच प्रश्न विचारला, गाव कोणतं, आणि मुलांना सांगता आलं नाही. त्या गावात कोणतीही धाड पडली नाही. अष्टमी आली तशी गेली. मुलं मळ्यातच राहिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. दोघंही पुढे तुरुंगातून सुटून आले, लोकांनी त्यांना हार घातले. पण खबर कोणी दिली हे जिल्ह्याने ठरवून टाकलं होतं. घरबंडीवाल्या, म्हणजे मोटारघरवाल्या, म्हाताऱ्याने. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं ना? त्याच्या ड्रायव्हरनेच वाचून दाखवलं.

आम्ही राजूरचा घाट चढून बुलडाण्याला पोचलो त्याआधी ती बातमी पोचलेली होती. दूधवाल्याने दूध दिलं नाही. धाडहून निरोप आला, कोळसा संपला. तिसऱ्या सकाळी मोटारीच्या दारावर कोणीतरी कोळशाने लिहिलेलं होतं, "खबऱ्या". आमच्याच टाकीतला कोळसा होता तो. नानांनी जवळ जाऊन ती अक्षरं वाचली. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आहे," आणि ओलं फडकं आणायला गेले.

त्या दुपारी माईंनी मला हाक मारली. पडदा बाजूला केलेला होता.

"सुखदेव, आत ये."

मी जागचा हललो नाही.

"ये म्हणते ना. लोक तुला विचारतात, आत काय आहे. तू बघितलेलं नाहीस तर काय सांगशील? नीट बघून घे, आणि जे आहे ते सांग. तुझं ऐकतील ते."

मी आत गेलो. एक चूल होती. देवांची लाकडी पेटी. दोन घागरी. घडी घातलेल्या दोन वाकळी. फळीवर अडकित्ता आणि सुपारीचा डबा. खिडकीजवळ एक छोटी पितळी कळशी, नवी, तोंडाला फडकं बांधलेली. ती गोदावरीच्या पाण्यासाठी होती, रिकामी. माझं डोकं छताला लागत होतं. माईंनी माझा उजवा हात धरला आणि उजेडाकडे वळवून बघितला. "बरा झाला वाटतं," म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरला तो मोसमभरात पहिल्यांदा आणि शेवटचा. त्यानंतर त्यांना अंघोळ करावी लागली असेल, सगळं पाणी पुन्हा भरावं लागलं असेल.

संध्याकाळी बाजारात लोकांनी मला गराडा घातला. "तू तं होता ना बे संगं. सांग ना, आत काय होतं?"

मी म्हणालो, "मी आत गेलोच न्हाई."

मोसम तिथे संपला. नानांनी मोटार आवारात लावली ती पुन्हा काढली नाही. पुढे तिच्यात कडबा भरलेला मी पाहिला. माई गोदावरीला गेल्या नाहीत. नाना गेले तेव्हा खांदा द्यायला घरचीच चार माणसं होती, असं ऐकलं. मी परगावी होतो, येता आलं असतं, आलो नाही.

निरोप देताना नानांनी मला एक चिठ्ठी दिली होती. पुढे मी सरकारी बसवर लागलो तो त्या चिठ्ठीवर. "सुखदेव यास मी ओळखतो. गाडी सांभाळून चालवतो. वाचतो चांगले." बस, एवढंच. तीस वर्षं नोकरी केली आणि ती शेवटची दोन शब्दांची ओळ मला अजून लागलेली नाही. त्यांना कळलं होतं का? वही त्यांची होती, तीत काय लिहिलं होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? लोक "अष्टमी, धाड" म्हणत फिरत होते तेव्हा त्यांनी ते पान उघडलं नसेल? उघडलं असेल तर मला एका शब्दाने विचारलं का नाही? कधी वाटतं, ते कौतुक होतं. कधी वाटतं, त्यांनीही पुढचे दोन शब्द गाळले. नातवंडं माझ्या तोंडावर खरं बोलतात तरी मी त्यांच्या वाक्याच्या पुढे काय राहिलं ते शोधत असतो. साठसत्तर वर्षं दुसऱ्यांवर संशय घ्यायची सवय मला त्याच ओळीने लावली.

किसनबुवा आता नाही, ती दोन मुलंही नाहीत. नानांच्या मागे कोण आहे मला माहीत नाही. असेल तर त्यांनी हे वाचावं. नाना खबरे नव्हते. वहीतली ओळ पूर्ण अशी होती: अष्टमी, धाड, दोन पोती.

दिनकर ओट्यावरून गेल्यावर मी काठी घेऊन त्या पांढऱ्या मोटारीपाशी गेलो. माझ्याही तोंडून पहिल्यांदा तेच आलं, "गाव कोणतं?" मुलगी हसली. "सध्या हेच गाव समजा, आजोबा," म्हणाली. मी काठीवर भार देऊन जरा उभा राहिलो. तिला वाटलं मी दमलो. "बाहेर का उभे? आत या ना."

चपला बाहेर काढून मी आत गेलो. त्यांनी चहा दिला. कप हातात दिला.

परत आलो तर दिनकर वाटेतच उभा. सोबत आणखी दोघं. "आबाजी, आत गेल्ते ना तुम्ही? काय होतं आत?"

"चूल," मी म्हणालो. "देवाची पेटी. दोन घागरी, दोन वाकळी. अडकित्ता. अन् एक रिकामी कळशी."

"अडकित्ता?" दिनकर म्हणाला. "या आजकालच्या पोराइजवळ?"

"हाव," मी म्हणालो. "म्या आत जाऊन पाह्यलं."